दिसण्याचा दिवा : वाहनांवरील स्वयंचलित दिवे व इशारे बंद करण्याच्या प्रथेचा इतिहास, जालना जिल्ह्याच्या संदर्भात

१

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक बहुधा यंत्र कोणी शोधले, ते आपल्याकडे केव्हा आले व त्यामुळे उत्पादन किती वाढले, एवढ्या प्रश्नांपाशी थांबतात. यंत्र हाती आल्यावर लोकांनी त्याचा कोणता भाग वापरला आणि कोणता भाग जाणूनबुजून निकामी केला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः समाज आणि यंत्र यांच्या संबंधांवर या दुसऱ्या प्रश्नाने अधिक प्रकाश पडतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा एक लहानसा, परंतु जीवितहानीशी थेट निगडित असलेला भाग विचारार्थ घेतला आहे. मोटारीवर व मोटारसायकलीवर दिवसा आपोआप लागणारा दिवा, सीटबेल्ट न लावल्यास वाजणारा बझर, वेगमर्यादा ओलांडल्याचा इशारा, ही साधने कायद्याने वाहनात बसविली जातात आणि वाहनाचा मालक ती बंद करून घेतो. असे का घडते, आणि या बंद करण्याला काही पूर्वेतिहास आहे काय, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. वाहनावरील दिव्याची कार्ये दोन आहेत. चालकाला रस्ता दिसावा म्हणून लावलेला दिवा हा पाहण्याचा दिवा होय. चालक इतरांना दिसावा म्हणून लावलेला दिवा हा दिसण्याचा दिवा होय. रात्री एकच दिवा ही दोन्ही कामे करतो, म्हणून हा भेद सहसा आपल्या ध्यानात येत नाही. दिवसा मात्र पाहण्याचे काम सूर्य करतो आणि दिव्याकडे केवळ दिसण्याचे काम उरते. या कामाचा प्रत्यक्ष अनुभव दिव्याच्या मालकाला कधीच येत नाही, कारण न घडलेला अपघात कोणालाही दिसत नाही. वीज, बल्ब व बॅटरी यांचा खर्च मात्र त्याला दिसत असतो. पुढील सर्व इतिहास या विषमतेभोवती फिरतो, असे माझे प्रतिपादन आहे.

२

दिवसाच्या इशाऱ्याची सक्ती मोटारीपेक्षाही जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८६५ साली झालेल्या कायद्यान्वये रस्त्यावरून चालणाऱ्या वाफेच्या यंत्राबरोबर तीन माणसे असणे आवश्यक होते व त्यांतील एकाने यंत्राच्या किमान ६० यार्ड पुढे लाल निशाण घेऊन चालावयाचे होते. वेगाची मर्यादा गावाबाहेर ताशी ४ मैल व गावात २ मैल होती. हा नियम १८७८ मध्ये शिथिल झाला आणि १८९६ च्या कायद्याने हलक्या यंत्रवाहनांपुरता तो संपुष्टात आला. तथापि त्याच १८९६ च्या कायद्याने रात्री दिवा आणि इशारा देण्यासाठी घंटा किंवा तत्सम साधन वाहनावर असावे असे ठरविले. या बदलाचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. इशारा देण्याचे काम वाहनापुढे चालणाऱ्या माणसाकडून काढून घेण्यात आले आणि ते वाहनातच बसविलेल्या वस्तूकडे सोपविण्यात आले. ती वस्तू वाजवावी की वाजवू नये हे यापुढे चालकाच्या इच्छेवर अवलंबून राहिले.

हिंदुस्थानात मुंबई इलाख्याने १९०४ साली मोटारींसाठी स्वतंत्र कायदा केला. १९१४ साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला, १९३९ साली त्याची जागा अधिक विस्तृत कायद्याने घेतली, आणि आज अमलात असलेला कायदा १९८८ चा आहे. जालन्याची स्थिती या क्रमात काहीशी वेगळी होती. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानाचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा म्हणून १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला.

येथील मोटारवाहतुकीचा आरंभ एका अर्थाने रेल्वेच्या छायेत झाला. मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्यातील लोहमार्ग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी पुरा झाला व जालना हे त्यावरील महत्त्वाचे स्थानक ठरले. पुढे १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेनेच आपला मोटारवाहतूक विभाग सुरू केला. आरंभी त्यात २७ बसगाड्या व १६६ नोकर होते. म्हणजे लोहमार्ग आणि बस यांचे चालकत्व काही काळ एकाच संस्थेकडे होते. या योगायोगामुळे इशाऱ्याच्या दोन पद्धतींची तुलना करणे सोयीचे जाते.

रेल्वेवरील सिग्नल हा मार्गाच्या मालकीचा असतो. इंजिनचालकाला तो नकोसा वाटला तरी त्याला तो विझविता येत नाही. सांधा आणि सिग्नल एकमेकांशी अशा रीतीने जखडलेले असतात, की सांधा चुकीचा असताना सिग्नल उतरूच शकत नाही. दाट धुक्यात रुळावर फटाके ठेवून चालकास सावध करण्याची जी रीत होती, तीतही फटाका ठेवणारा माणूस चालकाहून वेगळा होता. रस्त्यावर परिस्थिती याच्या उलट आहे. येथे इशारा वाहनाच्या मालकीचा आहे आणि वाहन खाजगी मालकीचे आहे. ज्याच्यापासून इतरांना जपावयाचे, त्याच्याच हाती इशाऱ्याचे बटण आहे. मोटारयुगातील सुरक्षिततेच्या कायद्यांचा बराचसा इतिहास हे बटण मालकाच्या हातातून काढून घेण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

३

आपल्याकडील लोकमानसात दिव्याची जी कल्पना रुजली, ती मात्र पाहण्याच्या दिव्याची व त्याबरोबर दंडाच्या भीतीची. पुण्यासारख्या शहरात स्वातंत्र्याच्या आगेमागे सायकलीवर रात्री दिवा नसल्यास पोलीस अडवीत, आणि चौकापुरता दिवा लावून पुढे तो विझविण्याची युक्ती सर्वांस परिचित होती. ग्रामीण भागात बैलगाडीच्या आसाखाली टांगलेला कंदील हा खरे पाहता दिसण्याचा दिवा होता. बैलांना त्याचा विशेष उपयोग नसे. पण तोही रात्रीचाच. दिवसा दिवा लावणे हे घरात दारिद्र्य येण्याचे किंवा निष्काळजीपणाचे लक्षण मानणाऱ्या समाजात उन्हात जळणारा हेडलाइट ही विसंगती वाटावी, यात आश्चर्य नाही. आजही अशा मोटारसायकलस्वाराला समोरून येणारा मनुष्य हाताची मूठ उघडमीट करून ‘दिवा चालू राहिला आहे’ अशी खूण करतो. ही खूण सद्भावनेची आहे आणि ती दिसण्याच्या दिव्याची कल्पना अद्याप रुजली नसल्याचीही साक्ष देते.

शासनाने स्वतः दिवे झाकावयास लावल्याचेही प्रसंग आहेत. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये विमानहल्ल्याच्या भयाने रस्त्यावरील दिवे मालवून मोटारींच्या दिव्यांवर झाकणे बसविण्यात आली. पेट्रोलच्या टंचाईमुळे रहदारी घटली असतानाही १९४१ साली तेथे रस्त्यांवरील मृत्यूंची संख्या ९,१६९ झाली. तेथील इतिहासातील हा उच्चांक होय. मोटारींच्या कडांना व पदपथांच्या काठांना पांढरा रंग देऊन या हानीवर उपाय करण्यात आला. प्रकाश पाडता येत नसेल तर निदान दिसता तरी आले पाहिजे, हे तत्त्व त्यातून शिकले गेले. १९६५ व १९७१ च्या युद्धांत मुंबई व अन्य शहरांतही अंधारपटाच्या वेळी मोटारींचे दिवे झाकले जात. शांततेच्या काळातही समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून हेडलाइटच्या काचेवर वरच्या बाजूस काळा पट्टा किंवा ठिपका रंगविण्याची रीत महाराष्ट्रात दीर्घकाळ होती. दिव्याचा विचार इतरांच्या दृष्टीने करण्याची ही एक जुनी देशी परंपरा आहे. फरक इतकाच, की तीत इतरांना आपला दिवा सोसता यावा ही काळजी होती, आपण इतरांना दिसावे ही नव्हे.

जुन्या मोटारींत तर स्वयंचलित इशारा म्हणून काही नव्हतेच. वळताना हात बाहेर काढणे हा इशारा होता. पुढे मॉरिस बनावटीच्या गाड्यांत दारांमधल्या खांबातून बाहेर येणारी लहान पिवळी पाती आली आणि तिच्या मागून लुकलुकणारे इंडिकेटर आले. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, कलकत्त्याजवळची अँबॅसडर आणि १९८३ च्या अखेरीस बाजारात आलेली मारुती ८००, या तीन गाड्यांवर महाराष्ट्रातील मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या चालकत्व शिकल्या. या गाड्यांत चालकाने जे सांगितले तेवढेच यंत्र करीत असे. यंत्राने चालकाला उलट काही सांगावे, ही कल्पनाच त्या शिक्षणात नव्हती. ट्रकांच्या मागे लिहिलेले ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द याच व्यवस्थेचे द्योतक होत. पुढच्याने आरशात पाहण्याची जबाबदारी मागच्याच्या हॉर्नवर टाकावी, असा तो करार होता. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ साली ध्वनिप्रदूषणाच्या कारणावरून हे शब्द लिहिण्यास मनाई केली.

४

बटण काढून घेण्याचे पर्व पश्चिमेत १९७० च्या दशकात सुरू झाले व त्याबरोबरच त्याला विरोधही सुरू झाला. अमेरिकेत १९७४ सालच्या नव्या मोटारींत अशी योजना सक्तीची झाली, की पुढील आसनांवरील माणसांनी पट्टा लावल्याखेरीज इंजिन सुरूच होऊ नये. रेल्वेतील सांधा व सिग्नल यांची जखडणूक जणू मोटारीत आणली गेली. परिणाम असा झाला, की आसनावर किराणा मालाची पिशवी किंवा कुत्रा ठेवला तरी गाडी सुरू होईना. लोकांनी तारा तोडल्या, पट्टे मागच्या मागे कायमचे अडकवून ठेवले आणि तक्रारींचा भडिमार केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेथील काँग्रेसने कायदा करून ही सक्ती रद्द केली आणि इशाऱ्याचा आवाजही आठ सेकंदांपुरताच सक्तीचा करता येईल असे बंधन घातले. योग्य हेतूचे यंत्र खऱ्या आणि खोट्या प्रसंगांत भेद करू शकले नाही, म्हणून लोकांनी खऱ्या प्रसंगीही ते नाकारले, हा या प्रकरणाचा बोध आहे.

दिवसाच्या दिव्यांचा आरंभ उत्तर युरोपात झाला. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात शहराबाहेरील रस्त्यांसाठी, स्वीडनने १९७७ मध्ये वर्षभरासाठी ही सक्ती केली. कॅनडाने १९८९ च्या डिसेंबरपासून नव्या मोटारींवर हे दिवे अनिवार्य केले आणि युरोपीय संघाने २०११ च्या फेब्रुवारीपासून नव्या नमुन्याच्या मोटारींना तो नियम लागू केला. नॉर्वेच्या रुने एल्विक यांनी १९९६ साली तोवरच्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण करून असा निष्कर्ष काढला, की असे दिवे लावणाऱ्या मोटारींच्या बाबतीत दिवसा एकाहून अधिक वाहनांचा संबंध असलेले अपघात शेकडा १० ते १५ नी घटतात. याउलट ऑस्ट्रियाने २००५ च्या नोव्हेंबरात केलेली सक्ती २००८ च्या जानेवारीपासून मागे घेतली. सर्वच मोटारी उजळल्या म्हणजे मोटारसायकलीचा दिवा उठून दिसत नाही, हा आक्षेपही युरोपात आग्रहाने मांडला गेला. तेव्हा दिवसाच्या दिव्याला होणारा प्रत्येक विरोध अज्ञानमूलकच असतो, असे इतिहासाच्या आधारे म्हणता येत नाही.

५

भारतात हा नियम मोटारींऐवजी दुचाकींना लागू करण्यात आला. १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींत इंजिन सुरू होताच हेडलाइट लागावा आणि तो बंद करण्याचे बटण असू नये, असे ठरले. यामागील कारण आकडेवारीत स्पष्ट आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली व त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. समोरून येणाऱ्या मोठ्या वाहनाच्या चालकाला अरुंद आकाराची दुचाकी वेळेवर न दिसणे, हे जगभर ओळखले गेलेले अपघाताचे एक कारण आहे. दुचाकींपुरताच नियम केल्याने ऑस्ट्रियात उपस्थित झालेला आक्षेपही येथे लागू पडत नाही. जुन्या दुचाकींना मात्र हा नियम मागील तारखेपासून लागू नाही. त्यांचे बटण जागेवर आहे.

जालना जिल्ह्यापुरता विचार केला तर या नियमाचे क्षेत्र नेमके सांगता येते. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे दुचाकीच्या दिव्याचा प्रश्न जालन्याहून अंबड, भोकरदन, मंठा या बाजूंना जाणाऱ्या जुन्या रस्त्यांवरचा आहे. या रस्त्यांवर औद्योगिक वसाहतीतील लोखंडी सळयांचे ट्रक, बाजारसमितीकडे जाणारे टेम्पो, एस.टी.च्या गाड्या आणि हंगामात अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरातील उसाच्या ट्रॉल्या या सर्वांमधून दुचाकीस्वाराला वाट काढावी लागते. मराठवाड्यातील ऊन प्रखर असल्याने दिवसाचा दिवा येथे निरुपयोगी आहे, असा युक्तिवाद केला जातो व त्यात काही तथ्य आहे. उत्तर युरोपात सूर्य क्षितिजालगत असतो, तेथील लाभ येथे भर दुपारी तितकाच मिळेल असे मानता येत नाही. परंतु दिवस म्हणजे केवळ दुपार नव्हे. पावसाळी झाकोळ, हिवाळ्यातील सकाळचे धुके, वडा-लिंबाच्या सावलीचे पट्टे, उन्हाळ्यातील धूळ व मावळतीचा समोरून येणारा प्रकाश, या वेळांना दिव्याचे मोल कायम राहते. या वेळा ओळखून दिवा लावण्याचे काम चालकावर सोपविले तर तो विसरतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणूनच बटण काढण्यात आले.

आणि ते गॅरेजमध्ये पुन्हा बसविण्यात आले. हँडलवर एक लहान स्विच जोडून घेणे ही कोणत्याही तालुक्याच्या गावी अल्प खर्चात होणारी गोष्ट आहे. त्यासाठी दिली जाणारी कारणे तीन : बॅटरी उतरते, पेट्रोल अधिक लागते, आणि लोक टोकतात. यांपैकी दुसऱ्या कारणाचा साधा हिशेब करून पाहता येतो. लहान मोटारसायकलीचा हेडलाइट सुमारे ३५ वॅटचा असतो. वीज निर्माण होताना होणारी हानी धरून इंजिनावर सुमारे ७० वॅटचा भार पडतो असे मानू. सामान्य वेगाने चालताना इंजिन सुमारे २,००० वॅट शक्ती देत असेल, तर दिव्याचा वाटा शेकडा तीन-साडेतीन होतो. एलईडी दिव्यात तो आणखी घटतो. हा खर्च शून्य नाही, पण एका माणसाच्या दिसण्याच्या मानाने तो जास्तही नाही. जुन्या मोटारीच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे. तेथे दोन हेडलाइट प्रत्येकी ५५ वॅटचे असतात, मागील दिवेही त्यांच्याबरोबर लागतात, आणि जुन्या वायरिंगवर व डायनामोवर दिवसभर तो भार टाकणे खरोखरच त्रासाचे ठरू शकते. यामुळेच दिवसासाठी निराळे, कमी शक्तीचे दिवे तयार झाले. तिसरे कारण मात्र पैशाचे नाही. ते लाजेचे आहे, आणि सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तेच सर्वांत बलवान आहे.

६

दिसण्याचा दिवा इतरांसाठी असतो. बझर मात्र स्वतः बसणाऱ्यासाठी असतो. तरीही तो बंद केला जातो. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालक व शेजारचा प्रवासी यांच्या सीटबेल्टचा इशारा, तसेच वेगाचा इशारा सक्तीचा झाला. लवकरच बाजारात केवळ पट्ट्याच्या खाचेत अडकविण्याची धातूची चिमटी विक्रीस आली. पट्टा न लावता यंत्राला पट्टा लावल्याचे भासविणे, एवढाच तिचा उपयोग. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ ४ सप्टेंबर २०२२ रोजी झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मागील आसनावर मृत्यू झाला. मागे बसलेल्यांनी पट्टा लावला नव्हता. यानंतर या चिमट्यांकडे शासनाचे लक्ष गेले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या ऑनलाइन विक्री संस्थांविरुद्ध आदेश दिले व अशा चिमट्यांच्या १३,११८ जाहिराती काढून टाकण्यात आल्या. सीटबेल्ट न लावल्याने २०२२ मध्ये देशात १६,७१५ माणसे दगावल्याचे सरकारी अहवालात नमूद आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्मी चालक नव्हती, प्रवासी होती. मागे पट्ट्याविना बसलेला माणूस आघाताच्या क्षणी पुढच्यावर आदळतो. तेव्हा हा प्रश्नही केवळ स्वतःपुरता राहत नाही.

वेगाच्या इशाऱ्याची कथा अधिक उद्बोधक आहे. हा इशारा ताशी ८० किलोमीटर ओलांडताच मधूनमधून आणि १२० नंतर सतत वाजतो. सामान्य रस्त्यांसाठी तो उपयुक्त आहे. परंतु जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर, ज्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, मोटारींना १२० ची मर्यादा आहे. येथे १०० च्या वेगाने कायदेशीरपणे जाणाऱ्या चालकालाही यंत्र तासन्‌तास टोकत राहते. अमेरिकेतील किराणा मालाच्या पिशवीचे हे नवे रूप आहे. जो इशारा नियम पाळणाऱ्यालाही वाजतो, तो नियम मोडतानाही ऐकू येईनासा होतो. चार इंडिकेटर एकदम लावून चौकात सरळ जाण्याची जी रीत आपल्याकडे पडली आहे, तिचा परिणामही असाच होतो. गाडी बंद पडल्याचा इशारा जाण्याच्या दिशेसाठी खर्च केला, की खऱ्या प्रसंगी त्याचा अर्थ उरत नाही.

७

कायद्याची भूमिका कठोर आहे. १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अशी तरतूद झाली. तथापि हँडलवरील एक स्विच किंवा काढून ठेवलेला फ्यूज रस्त्यावर उभ्या असलेल्या निरीक्षकाला सहसा दिसत नाही. कायदा नोंदणीपत्राकडे पाहतो. बदल मात्र गॅरेजमधील वायरिंगवाल्याच्या हातून होतो.

जुन्या मोटारीच्या बाबतीत एक अधिक गंभीर गोष्ट आहे आणि प्रस्तुत विषयाचे खरे मर्म तेथे आहे. वाहन जुने झाले, की आसनाखालचे सेन्सर, दारांचे स्विच, एअरबॅगच्या जोडण्या खराब होतात व इशारे निष्कारण वाजू लागतात. मूळ भाग महाग असतो, कित्येकदा मिळतही नाही. मालक मग दुरुस्तीऐवजी इशाराच बंद करतो : फ्यूज काढला जातो, बझरची तार सोडविली जाते, डॅशबोर्डवरील दिव्याचा बल्ब काढला जातो किंवा त्यावर काळी पट्टी चिकटविली जाते. मालकाच्या मनात हा निर्णय त्याच्या स्वतःपुरता असतो. परंतु जुनी मोटार विकली जाते. एअरबॅगचा दिवा जळत नाही म्हणजे एअरबॅग ठीक आहे, असे समजून नवा मालक ती घेतो. पहिल्या मालकाला ठाऊक होते की इशारा बंद आहे. दुसऱ्याला इशारा आहे हेही ठाऊक नसते. बंद केलेला इशारा अशा रीतीने वाहनाबरोबर विकला जातो, आणि एका माणसाने सोयीसाठी घेतलेला निर्णय दुसऱ्याच्या कुटुंबावर न सांगता लादला जातो. मूळ मालक नामानिराळा राहतो.

८

या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की इशारे बंद करण्याची प्रथा ही मराठवाड्यातील किंवा भारतातील लोकांच्या बेशिस्तीची खूण नव्हे. १८९६ चे इंग्लंड, १९७४ ची अमेरिका व २००८ चे ऑस्ट्रिया यांनी तीच गोष्ट संसदेच्या मार्गाने केली. जेथे इशारा बदलण्याचा राजमार्ग उपलब्ध नसतो, तेथे लोक गॅरेजचा मार्ग धरतात. दुसरा निष्कर्ष असा, की बंद करण्याच्या सर्व कृती समान नाहीत. दुचाकीचा दिवसाचा दिवा बंद करणे म्हणजे इतरांना मिळणारी सूचना काढून घेणे होय. तिचे समर्थन इंधनाच्या हिशेबाने होत नाही. सीटबेल्टची चिमटी ही सरळ फसवणूक आहे, आणि तीत फसणारा व फसविणारा एकच असला तरी इजा दोघातिघांना होते. निष्कारण वाजणाऱ्या इशाऱ्याचा प्रश्न निराळा आहे. तो यंत्राच्या रचनेचा व दुरुस्तीच्या सोयीचा प्रश्न आहे, आणि केवळ दंडाने तो सुटणार नाही. वेगाचा इशारा रस्त्याच्या मर्यादेनुसार बदलणारा हवा, जुन्या गाड्यांचे सेन्सर वाजवी किमतीत मिळावयास हवेत, आणि वाहन विकताना कोणता इशारा काढला आहे हे विक्रेत्याने लेखी सांगावयास हवे. ही शेवटची गोष्ट आजही दोन प्रामाणिक माणसांना कोणत्याही नव्या कायद्यावाचून करता येण्याजोगी आहे.

तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या पद्धतीविषयी आहे. यंत्रे आयात झाल्याची तारीख सरकारी दप्तरात मिळते. ती यंत्रे लोकांनी कशी बदलली याचा पुरावा गॅरेजमधील जुन्या तारांत, सुट्या भागांच्या दुकानांतील खरेदीत आणि कारागिरांच्या स्मृतीत असतो. वायरिंगची कामे करणाऱ्या कारागिरांची पहिली पिढी आता वृद्ध झाली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यात अशा कारागिरांच्या मुलाखती घेऊन, कोणत्या साली कोणता भाग काढण्यास लोक आले आणि कोणते कारण सांगत, याची नोंद केली, तर मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाला एक नवे साधन उपलब्ध होईल. यंत्राचा जो भाग लोकांनी काढून टाकला, त्यावरून त्यांनी परस्परांविषयीची कोणती जबाबदारी स्वीकारली आणि कोणती नाकारली, हे त्या साधनाच्या आधारे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.